साधी गाठ

तनुजाचं टेबल दवाखान्याच्या तळघरात होतं, आणि तिथं उतरलेला माणूस बहुतेक वेळा हात हलवतच वर यायचा. वरच्या मजल्यांवर डॉक्टर लोक पेशंटला तपासायचे, कापायचे, शिवायचे. पेशंट घरी गेला की त्याची फाइल खाली तनुजाकडे यायची. ती फाइल वाचायची आणि आजाराला जगभर ठरलेला कोड लावायची. तो कोड लागल्याशिवाय विमा कंपनी फाइलला हात लावत नसे, आणि सरकारी योजनेचे लोकही लावत नसत.

हाताखाली श्रेया नावाची मुलगी नवीन आली, तेव्हा तनुजानं तिला पहिला धडा दिला तो अंडाशयाच्या गाठींचा. "रिपोर्टमध्ये साधी, बिनधोक गाठ लिहिली असेल तर डी सत्तावीस. कॅन्सर लिहिला असेल तर सी छप्पन्न. आणि रिपोर्टच नसेल तर डी एकोणचाळीस, म्हणजे गाठीचा स्वभाव ठाऊक नाही. आपण अंदाज करायचा नाही. डॉक्टर तोंडानं काय म्हणाले तेही ऐकायचं नाही. कागदावर असेल तेवढंच."

हे तिनं इतक्या चवीनं सांगितलं की श्रेया घाबरली. तनुजा हुशार होती यात वाद नाही. पण ती दुष्टही होती. शब्द जरा जड आहे, तरी दुसरा बसत नाही. चुकलेल्या माणसाला सोलून काढण्यात तिला सुख वाटायचं, आणि नियम तिच्या बाजूचा असला की तिच्या जिभेला धार चढायची.

त्या दवाखान्यात एक जुनी पद्धत होती. पोटातून जे काढलं ते आधी ट्रेमध्ये घालून बाहेर आणायचं आणि नातेवाइकांना दाखवायचं, म्हणजे डॉक्टरनं खरंच काहीतरी काढलं याची त्यांना खात्री पटते. मग ते औषधाच्या पाण्यात बुडवून प्लास्टिकच्या बाटलीत भरायचं आणि ती बाटली त्यांच्याच हातात द्यायची. नातेवाइकानं ती उस्मानपुऱ्यातल्या लॅबमध्ये नेऊन पोचवायची. लॅबवाले तपासून रिपोर्ट द्यायचे, आणि त्या रिपोर्टवर खाली तनुजाचा कोड ठरायचा.

शेंद्र्याचे कचरू म्हणून एक म्हातारे होते. त्यांच्या बायकोची अशीच गाठ काढली आणि बाटली नेताना ते ती रिक्षातच विसरले. योजनेची मंजुरी अडकली म्हणून बिचारे टोपी हातात घेऊन तनुजासमोर उभे राहिले.

"बाई, डॉक्टरीणबाई म्हनल्या, साधीच हाय गाठ. तेवढं लिवा ना."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रिपोर्ट काय म्हणाला?"

"रिपोर्ट कसा म्हनंल? बाटलीच हरवली ना बाई."

"मग जा, रिक्षा शोधा."

तनुजानं म्हाताऱ्याच्या देखत डी एकोणचाळीस टाकला आणि फाइल बंद केली. दुपारी कँटीनमध्ये तिनं त्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल केली. "एक बाटली सांभाळता येत नाही, आणि निघाले बायकोला वाचवायला," असं ती म्हणाली तेव्हा सगळे हसले. श्रेयाही हसली, कारण ती नवीन होती.

त्यानंतर काही महिन्यांनी तनुजाच्याच पोटात डाव्या बाजूला कळ आली. आधी तिनं अंगावर काढली. मग एका सकाळी पोळ्या लाटता लाटता ती ओट्याला धरून खाली बसली आणि उठलीच नाही. नवरा राजेंद्र शेंद्र्याच्या कारखान्यातून पहिली पाळी अर्धी टाकून धावत आला, आणि सासूबाई आशाबाईंनी रिक्षा बोलावली.

ही तिघं उस्मानपुऱ्यात भाड्याच्या घरात राहत. मूळची बिडकीन गावची. जमिनीचा मोठा भाग कारखान्यांसाठी गेला, बांधालगतचा एक तुकडा आणि त्यावरचं लिंबाचं झाड तेवढं राहिलं. आशाबाई विधवा होत्या, कमी बोलायच्या आणि काहीही विसरायच्या नाहीत. लग्नाला नऊ वर्षं होऊन घरात पाळणा हलला नव्हता. दुसऱ्या वर्षी दिवस गेले होते, पण दोन महिन्यांत खाली झालं. तेव्हा आशाबाई नर्सच्या मागे मागे फिरल्या होत्या, "मला द्या, मी माती देते" म्हणत. नर्सनं सांगितलं, ते कचऱ्यात गेलं. तनुजा खाटेवरून म्हणाली होती, "दोन महिन्यांचं काय पुरता, आत्या? घरी चला आता." तनुजा हे बोलली आणि विसरली.

ऑपरेशन तिच्याच दवाखान्यात डॉक्टर मनस्विनी मॅडमनी केलं. तनुजा शुद्धीवर आली तेव्हा उशाशी फक्त श्रेया होती. "घरचे औषधं आणायला गेलेत," असं श्रेयानं सांगितलं. औषधं आणायला दोघं कशाला लागतात, असा विचार तनुजाच्या मनात आला, पण गुंगीत तो टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम खाटेजवळ बसल्या. "डावं अंडाशय काढावं लागलं. पीळ पडून काळं झालं होतं. डर्मॉइड म्हणतात तशी गाठ होती. आत केस, चरबी, एक दातसुद्धा. पेशी वाट चुकतात आणि नको तिथं नको ते तयार करतात."

"मला माहितीये, मॅडम. रोज वाचते मी."

"हो, तुम्हाला काय सांगायचं. माझ्या नजरेला साधीच वाटली. पण एका बाजूला हाताला जरा घट्ट लागली, म्हणून रिपोर्ट महत्त्वाचा. आणि हे ऐका. उजव्या अंडाशयावरही तसलीच एक बारीक गाठ आहे. डावीचा रिपोर्ट साधा आला की उजवीला मी हातसुद्धा लावणार नाही. एका अंडाशयावर मूल होतं, तनुजा. होतंच."

मूल हा विषय तनुजानं कधीचा मनाबाहेर टाकला होता, निदान ती तसं म्हणायची. पण मॅडम निघून गेल्यावर तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि ती रडली. तिला इतकी आशा वाटली की त्या आशेचीच भीती वाटली. आता फक्त एका कागदाची वाट बघायची होती.

घरी आल्यावर आशाबाईंचं वागणं तिला विचित्र वाटलं. त्या खाली चटई टाकून झोपू लागल्या. देवापुढं दिवा लावेनात. भाजीला फोडणी देईनात. तनुजाला वाटलं, सून खाटेवर पडली म्हणून म्हातारीनं अंग काढून घेतलंय. तिनं सुनावलंच, "आत्या, पोट माझं कापलंय, हात तुमचे नाही कापले." आशाबाईंनी भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

राजेंद्रला ती रोज विचारायची, "रिपोर्ट आला?" तो मोबाइलमध्ये बघत म्हणायचा, "येईल." आठवडा गेला, दुसराही गेला. टाके वाळले, ती हिंडूफिरू लागली, तरी याचं "येईल" संपेना. शेवटी तनुजानं लॅबला फोन लावला. तिच्या नावाची नोंदच नाही, असं उत्तर आलं.

लॅब घरापासून दोन गल्ल्यांवर होती. तनुजा पोट धरून तिथं चालत गेली आणि काउंटरवरच्या कृष्णा नावाच्या माणसावर तुटून पडली. लोकांच्या जिवाचे तुकडे तुमच्याकडे येतात आणि तुम्ही त्यांचा पसारा करता, असं ती भरल्या लॅबमध्ये ओरडली. दवाखान्यात आपल्या एका शब्दावर नमुने दुसऱ्या लॅबला जातील, असंही म्हणाली. मालक आतून पळत आले आणि काही न विचारता त्यांनी सगळ्यांसमोर कृष्णाचीच खरडपट्टी काढली. त्याला काउंटरवरून उठवून आत पाठवलं. तनुजाला जरा बरं वाटलं.

आत जाता जाता कृष्णा थांबला. "मॅडम, बाटली घेऊन कोण आलतं? बाई का माणूस? तेवढं सांगा, मी कॅमेऱ्यात बघतो."

इतक्या दिवसांत हे तनुजानं घरी कुणाला विचारलंच नव्हतं.

ती घरी आली तेव्हा आशाबाई लसूण सोलत बसल्या होत्या आणि राजेंद्र दुसऱ्या पाळीला जायच्या तयारीत होता.

"आत्या, माझी बाटली लॅबमध्ये कुणाच्या हातात दिली?"

"लॅबमधी नाय दिली."

"मग कुठंय?"

"बिडकीनला. लिंबाखाली." आशाबाईंनी पाकळी सोलून ताटलीत टाकली. "लेकराला काय त्या बाटलीत ठिवायचं व्हतं?"

तनुजानं राजेंद्रकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधत होता, आणि ती नाडी काही केल्या बांधून होत नव्हती.

मग आशाबाईंनी सगळं सांगितलं, एक शब्द न चढवता. नर्सनं ट्रे बाहेर आणला. म्हणाली, बघून घ्या आजी, केस आहेत, दातपण आलाय. आशाबाईंनी विचारलं, लेकरू हाय का? नर्स हसली. हसत हसत तिनं बाटली हातात दिली आणि लॅबचा पत्ता सांगितला. तेवढ्यात राजेंद्र औषधं घेऊन वर आला. "म्या म्हनलं, चल बाबा. मागच्या बारीला माझ्या नातवाला कचऱ्यात टाकलं यांनी. ह्या बारीला मी टाकू देत नसते." राजेंद्रनं औषधं श्रेयाकडे दिली, राहिलेली आणायला जातो म्हणून सांगितलं आणि मोटारसायकल काढली. पैठण रोडनं दोघं बिडकीनला गेले. खड्डा राजेंद्रनंच खणला.

"तुम्ही खणला?" तनुजानं विचारलं. "तुम्ही आयटीआय शिकलेले. तुम्हाला मॅडमनी समोर बसवून सांगितलं होतं गाठ आहे म्हणून."

"आई रडत होती," राजेंद्र म्हणाला. "आणि दात मी बघितला, तनुजा. खरा दात होता."

तनुजाच्या डोक्यात तेवढ्यातही कामाचा विचार चालू होता. औषधाच्या पाण्यात गाठ महिनोन्महिने टिकते. बाटली जमिनीत असली तरी झाकण घट्ट असलं की काम होईल. बाटली उकरायची, पुसायची, लॅबला द्यायची. अजून काही गेलेलं नाही.

त्याच दुपारी तिनं दोघांना घेऊन बिडकीन गाठलं. राजेंद्रनं पाळी चुकवली. लिंबाखाली ओल्या मातीचा छोटा उंचवटा होता, त्यावर एक दगड, दगडाला हळद-कुंकू, आणि वाटीत वाळलेलं दूध. तनुजानं राजेंद्रच्या हातात कुदळ दिली. तो दोन पावलं पुढं गेला आणि थांबला, कारण आशाबाई तोवर त्या उंचवट्यावर मांडी घालून बसल्या होत्या.

"खांद. आधी मला खांद."

"आत्या, उठा. ते मूल नाही. चरबी आहे नुसती."

"चरबीला दात येत नसत्यात."

"मी रोज असली हजार नावं वाचते. तुम्हाला अक्षरओळख नाही आणि मला शिकवता? उठा म्हणते ना!" तनुजा त्यांच्या दंडाला धरून ओढू लागली. टाक्यांतून कळ आली तशी तिनं दंड सोडला. मग ती सासूसमोर मातीत बसली, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्यापुढं हात जोडून म्हणाली, "आत्या, मला फक्त बाटली द्या. तपासली की मी स्वतः आणून पुरते. तुमच्यासोबत दूध घालते. पण बाटली द्या."

आशाबाईंचा चेहरा जरा विरघळला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बाटली कुठली, पोरी? ते पानी लई उग्र, डोळ्यात जात व्हतं. लेकराला तसल्यात कसं निजवायचं? विहिरीचं पानी काढलं, धुतलं, माझ्या मऊ लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलं. मीठ टाकलं अन् दिली माती. बाटली तिथंच फेकून दिली."

तनुजा मातीत बसूनच राहिली. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झाले होते, जमीन ओली होती, आणि आता तिथं तपासण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. राजेंद्रनं कुदळ झाडाला टेकवली. येताना तिघंही रिकाम्या काळी-पिवळी जीपमध्ये मागच्या सीटवर बसून आली.

आशाबाईंनी एवढ्यावर सोडलं असतं तर निभावलं असतं. पण ज्या बाईनं आपल्या दंडाला हात घातला तिला त्या सोडणार नव्हत्या. बिडकीनच्या भावकीत आणि उस्मानपुऱ्याच्या गल्लीत हळूहळू एकच गोष्ट फिरू लागली. सुनेला दिवस गेले होते, लेकराला केस-दात आले होते, पण हापिसात पोट घेऊन बसायला लाज वाटली म्हणून तिनं दवाखान्यात ओळखीनं काढून घेतलं. वर गाठ म्हणून लिहिलं. लिहिणारी तीच, मग काय अवघड? या शेवटच्या वाक्यावर बायका माना डोलवायच्या. भाजीवालीसुद्धा तनुजाला बघून पदर तोंडाला लावायची.

राजेंद्रनं आईला एकदाही अडवलं नाही. रोज तो घरी यायचा, जेवायचा आणि ताटाकडे बघत विचारायचा, "खरंच गाठच होती ना?" तनुजा पहिल्यांदा भांडली. मग समजावून थकली. तिनं इंटरनेटवरचे फोटो दाखवले. तो फोटो नीट बघायचा, होहो म्हणायचा आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच विचारायचा.

आता तनुजाला तो कागद दुप्पट हवा होता. कॅन्सर नाही हे स्वतःला कळावं म्हणून हवा होता, आणि मूल नव्हतं हे या दोघांच्या तोंडावर मारावं म्हणूनही हवा होता. पण असा कागद आता जगात कुणीही देऊ शकत नव्हतं. ती मॅडमकडे गेली.

"तुम्ही डोळ्यांनी बघितलीत ना? मग साधी गाठ होती असं लिहून द्या."

"दिसायला साधी होती असं लिहीन. होती असं कसं लिहू? तुम्हीच उद्या माझा कागद परत पाठवाल."

मॅडमनी उजव्या बाजूची सोनोग्राफी पुन्हा केली. गाठ वाढली होती. तिच्यातही एक भाग घट्ट दिसत होता. रक्ताच्या तपासण्या धड इकडे ना तिकडे अशा आल्या. मॅडमनी राजेंद्रला बोलावून घेतलं, आशाबाई न बोलावता आल्या.

"दोन वाटा आहेत," मॅडम म्हणाल्या. "नुसती गाठ सोलून काढायची आणि अंडाशय ठेवायचं. मुलाची आशा राहते. पण डावीची गाठ वाईट असेल, तर ही सोलताना फुटून आजार पोटभर पसरेल, उजवं ठेवणं जिवावर बेतेल. डावी साधी असेल, तर उजवं काढणं म्हणजे उगाच घर पाडणं. डावीचा रिपोर्ट साधा आलेला असता तर मी तुम्हाला विचारलंसुद्धा नसतं. सोलून काढून मोकळी झाले असते."

"तुम्हाला काय वाटतं?" राजेंद्रनं विचारलं.

"मला वाटतं साधीच असावी. मी असते तर ठेवून बघितलं असतं."

सगळे तनुजाकडे बघू लागले. तिला ठेवायचं होतं. पण गेली कितीतरी वर्षं ती तळघरात बसून एकच गोष्ट शिकली होती आणि शिकवत आली होती. वाटण्याला किंमत नाही. तिच्या हातून रोज सी छप्पन्नच्या फाइली जायच्या. त्यातल्या कितीतरी फाइलींत पहिल्या पानावर डॉक्टरनं "साधी वाटते" असं लिहिलेलं तिनं स्वतः वाचलं होतं.

"लिहून द्याल?" तिनं विचारलं.

"काय?"

"साधीच आहे, असं."

मॅडमनी मान हलवली. "नाही देऊ शकत."

"मग काढा."

आशाबाईंना एवढंच कळलं की सून स्वतःच्या तोंडानं काढा म्हणाली. राजेंद्रकडे त्यांनी असं पाहिलं की त्यानं खुर्ची सरकवली.

दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी तनुजानं नर्सला, वॉर्डबॉयला आणि मॅडमनाही बजावून ठेवलं की काढलेलं घरच्यांच्या हातात द्यायचं नाही, श्रेयाकडेच द्यायचं. या खेपेला तिला कमरेखालीच भूल दिली होती. हिरव्या पडद्याआड काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं, पण ट्रेचा आवाज आला, दार उघडल्याचा आला, आणि मग बाहेरून आशाबाईंचा आवाज आला, "द्या इकडं, मी घेते." नर्स काहीतरी पुटपुटली. श्रेयाच्या चपला जिन्यावरून भराभर खाली गेल्या. तनुजानं डोळे मिटले. बाटली लॅबमध्ये पोचली, कृष्णानं ती स्वतः नोंदवून घेतली आणि पावतीचा फोटो श्रेयाच्या मोबाइलवर पाठवला.

रिपोर्ट आठवड्यात आला. तनुजा खालीच होती, रजा संपली म्हणून पोटपट्टा बांधून कामावर आली होती. श्रेयानं पाकीट तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते दोनदा वाचलं. साधी डर्मॉइड गाठ. घट्ट दिसलेला भाग म्हणजे दात आणि हाड, बाकी केस आणि चरबी. कॅन्सरचा कुठंही मागमूस नाही.

श्रेयानं दोन्ही फाइली काढल्या. उजवीला डी सत्तावीस टाकला. डावीच्या फाइलवर तिचा हात थांबला.

"तीही साधीच असणार गं," तनुजा म्हणाली. "मॅडम म्हणाल्या होत्या. तेवढं टाक ना."

श्रेयानं खाली बघितलं. तिला वाईट वाटत होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "मॅडम, रिपोर्ट नाही ना डावीचा," ती म्हणाली, आणि तिनं डी एकोणचाळीस टाकला. तिला हेच शिकवलेलं होतं.

तनुजा उजवीच्या रिपोर्टचा कागद घेऊन लवकर घरी निघाली. डावीचं काही का असेना, हा एक कागद तिच्या हातात होता. केस आणि दात असलेल्या गाठीला डॉक्टर गाठच म्हणतात, मूल म्हणत नाहीत, हे त्यावर छापलेलं होतं, खाली सही होती, शिक्का होता. तळघराच्या पायऱ्या चढताना तिला धाप लागली तरी ती थांबली नाही. घरी राजेंद्र आणि आशाबाई चहा पीत होते. तिनं कपबश्या बाजूला सारल्या आणि कागद मध्ये पसरला.

"वाचा. यातही केस होते, दात होता, अगदी तसंच. आणि ही बघा, गाठ लिहिलीय. साधी गाठ. लॅबनं लिहिलंय, मी नाही."

राजेंद्रनं कागद उचलला. ओळीवर बोट ठेवून तो हळूहळू वाचू लागला. तनुजा त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या कपाळावरची आठी सैल होताना तिला दिसली. तिचे डोळे भरून आले.

आशाबाईंनी बशी खाली ठेवली.

"साधी म्हंजी? कॅन्सर नव्हता?"

"नव्हता, आत्या."

"ऱ्हाऊ दिली असती तर जिवाला काय झालं असतं?"

"काही नाही. नुसती गाठ सोलली असती तरी चाललं असतं."

"अन् लेकरू?"

हे बोलणं कुठं चाललंय ते तनुजाला कळलं नाही. इतके दिवस ती खरं सांगत होती आणि कुणी ऐकत नव्हतं, आज ऐकत होते. "झालं असतं," ती म्हणाली. "झालं असतं लेकरू."

"मंग काढली कशाला?" आशाबाईंनी विचारलं.

डावीचा रिपोर्ट तुम्ही लिंबाखाली पुरलात म्हणून, हे तनुजाच्या जिभेवर आलं, पण मॅडम ठेवून बघा म्हणत असताना 'काढा' तीच म्हणाली होती. राजेंद्रनं कागदावरून मान वर केली आणि तोही उत्तरासाठी तिच्याकडे बघू लागला.